आपल्या मागं त्यांचं काय? घर, पैसा आणि सांभाळणारे हात



रोवणीची, चुरण्याची, मिरची तोडणीची कामं बाजूला ठेवून तुम्ही रेडिओजवळ बसल्या आहात. आज आम्ही केशोरी भागातल्या बचत गटाच्या बाया एका अवघड विषयावर बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत कर्जाचं, हप्त्याचं, धानाच्या भावाचं बोलणं होतं. पण एक गोष्ट बैठक संपल्यावर, दारात उभं राहून, हळू आवाजात निघते. ज्या माईच्या घरी अंथरुणाला खिळलेलं लेकरू आहे ती म्हणते, "मी आहे तोवर ठीक. माझ्या मागं याचं काय?"

ही गोष्ट दारातून उचलून बैठकीच्या मधोमध आणायची, एवढ्यासाठीच आजचं हे बोलणं आहे.

आधी आपण कोणाबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. एका पायानं अधू असलेला माणूस दुकान चालवतो, शिवणकाम करतो, स्वतःचं स्वतः बघतो. त्याच्याही अडचणी आहेत, पण आजचा विषय वेगळा आहे. ज्यांना खायला, न्हायला, शौचाला, कूस बदलायलासुद्धा दुसऱ्याचा हात लागतो, त्यांच्याबद्दल आम्ही बोलतो आहोत. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात झालेलं लेकरू, गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली तरुण पोरगी, कण्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेला गडी. कायद्यात यांना जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्ती म्हटलं आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, आपल्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. त्यातले सगळे काही अंथरुणाला खिळलेले नाहीत. पण आपल्या प्रत्येक गावात असं एक-दोन घर आहे, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही.

अशा घरात रोवणीच्या दिवसांत काय होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. बांधीत चिखल तयार आहे, मजुरी चालू आहे, आणि घरी सोडून जायला कोणी नाही. मग कुठं दाराला कडी लावून जातात, कुठं शेजारच्या लहान पोरीला शाळा बुडवून बसवतात, तर कुठं माय मजुरीच सोडते. यात माईचा दोष नाही. ती एकटी पडली आहे, हा खरा दोष आहे.

आमच्या मते या प्रश्नाची दोन टोकं वेगळी करून धरली पाहिजेत. एक टोक भिंतींचं: राहायला योग्य जागा. दुसरं टोक हातांचं: रोज सांभाळणारं माणूस. भिंतींचा पैसा वेगळा आणि हातांचा पैसा वेगळा. दोन्ही एकत्र केले की आपला गोंधळ होतो. घरकुल मिळालं की सगळं झालं असं वाटतं, पण न्हाऊ कोण घालणार हा प्रश्न तसाच राहतो.

ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्यानं राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना आली. तिथं ज्यांची गरज फार मोठी आहे अशा थोड्या लोकांच्या खास घरासाठी वेगळा पैसा ठेवला आहे: रुंद दारं, उचलायची यंत्रं बसतील असं छत, मजबूत भिंती. आणि त्या घरात येऊन काम करणाऱ्या माणसांचा पैसा त्याहून वेगळा मोजतात. तो देश श्रीमंत आहे, आपली त्याच्याशी बरोबरी नाही. पण हिशेबाची ही पद्धत आपल्याला घेता येते, तिला पैसा लागत नाही.

आधी कागद

पहिलं काम, यूडीआयडी कार्ड. म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. अर्ज ऑनलाईन भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि टक्केवारी ठरते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक योजनांचं दार उघडतं. केशोरीहून अर्जुनी मोरगाव गाठायचं, तिथून रेल्वेनं किंवा बसनं गोंदिया. मानही न सावरणारं लेकरू घेऊन ही एक खेप म्हणजे अख्खा दिवस आणि दोन माणसांची मजुरी. म्हणून दोन गोष्टी करा. तालुक्याच्या ठिकाणी तपासणीचं शिबिर कधी आहे ते आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारत राहा. आणि जाल तेव्हा आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, जुने दवाखान्याचे कागद, बँकेचं पासबुक असं सगळं एकाच पिशवीत घेऊन जा. एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसालाही अर्ध्या तिकिटाची सवलत मिळते. ती मागून घ्या.

भिंतींचा पैसा

२०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. त्यातल्या दोन-तीन गोष्टी प्रत्येक गटाला पाठ असायला हव्यात. पहिली, दिव्यांग माणसाला समाजात, चारचौघांत राहण्याचा हक्क आहे. त्याला अमुक एका ठिकाणीच राहा अशी सक्ती करता येत नाही. दुसरी, सरकारी घरांच्या आणि शेतजमिनीच्या वाटपात ५ टक्के राखीव आहेत, आणि त्यात दिव्यांग बायांना प्राधान्य आहे. तिसरी, जास्त आधार लागणाऱ्या माणसासाठी तो स्वतः, किंवा त्याच्या वतीनं दुसरी व्यक्ती किंवा संस्था, सरकारनं नेमलेल्या प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. मग तपासणी मंडळ त्याला किती आणि कसला आधार लागतो हे ठरवतं. आईला जमत नसेल तर तिच्या वतीनं असा अर्ज करता येतो, हे लक्षात ठेवा.

आता घरकुल. प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडच्या घराला मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. शौचालयाचे १२ हजार वेगळे, आणि रोजगार हमीतून मजुरी वेगळी. याशिवाय अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास, आदिवासी कुटुंबांना शबरी आवास, इतर मागासवर्गीयांना मोदी आवास आहे. जागाच नसेल तर जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून मदत मिळते.

यात आपल्या कामाचा एक मुद्दा दडला आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत गरिबीच्या खुणा ठरवल्या होत्या. त्यातली एक खूण अशी: घरात अपंग माणूस आहे आणि धडधाकट प्रौढ कोणीच नाही. म्हातारी माय आणि अंथरुणावरची लेक एवढंच घर असेल, तर ही गोष्ट पाहणीच्या कागदावर लिहिली गेली पाहिजे. पाहणी करणारा माणूस दारात उभा राहून विचारतो आणि जातो. आतल्या खोलीत कोण झोपलं आहे हे त्याला दिसत नाही. ते दाखवणं आपलं काम आहे.

घर मंजूर झालं की गवंड्याला पाया खणायच्या आधी बोलवा. पाया झाल्यावर बदल करणं महाग पडतं. आम्ही पाहिलेल्या कितीतरी नव्या घरकुलांना तीन पायऱ्या आहेत आणि दार एवढं अरुंद की चाकाची खुर्ची आत जात नाही. सरकारी पैशातून नवं घर झालं, पण ज्याच्यासाठी झालं त्याला दोघांनी उचलूनच आत न्यावं लागतं. म्हणून हे सांगा:

दार निदान तीन फूट रुंद हवं. उंबरा नको. पायऱ्यांच्या बाजूनं उतार करा आणि उताराचा हिशेब असा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. आपल्याकडे पावसामुळं जोतं दीड फूट उंच ठेवतात, म्हणजे अठरा फूट उतार लागेल. समोर जागा नसेल तर भिंतीच्या कडेनं वळवून घ्या. उतार आखूड केला तर खुर्ची ढकलणाऱ्याच्या छातीवर येते. न्हाणी आणि शौचालय घराला लागून, आतून जाता येईल असं. बसायला उंच भांडं, बाजूला अडीच-तीन फुटांवर भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी नळ, धरायला. फरशी गुळगुळीत नको, खरबरीत हवी. आणि अंथरूण अशा जागी की पडल्या पडल्या दारातलं, छपरीतलं दिसावं. दिवसभर कवेलू मोजत पडणाऱ्या माणसाला हेसुद्धा मोठं असतं.

जुनंच घर असेल तर? ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हिशेब करून पाहा. पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला ३ लाख असेल, तर ५ टक्के म्हणजे १५ हजार. ही काही मोठी रक्कम नाही. घर होणार नाही, पण दोन घरांची न्हाणी नीट होईल, एक उतार होईल, एक शौचाची खुर्ची येईल. बऱ्याच ठिकाणी हा पैसा वर्षअखेरीला घाईघाईनं सगळ्यांना सारखा वाटून टाकतात. ग्रामसभेत उठून विचारा: "यंदा ५ टक्क्यांचे किती झाले आणि ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याला काय मिळालं?"

हातांचा पैसा

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तलाठ्यामार्फत किंवा तहसील कार्यालयात करतात. २०२३ पासून त्यात महिन्याला १५०० रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी २५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. आपल्या माणसाच्या खात्यात नेमके किती जमा होतात ते पासबुक भरून पाहा. कमी येत असतील तर तहसीलमध्ये लेखी विचारा.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत उपचारांचा खर्च मिळतो. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आणि व्यायामोपचारही येतात.

पण सांभाळणाऱ्या माईला काय? ती रात्री तीनदा उठून कूस बदलते, तिच्या मजुरीचं काय? २०१६ च्या कायद्यातच सांभाळणाऱ्यासाठी भत्त्याचा उल्लेख आहे. केरळ सरकार आश्वासकिरणम या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देत आलं आहे. रक्कम लहान आहे, पण सांभाळणं हे काम आहे एवढं त्या सरकारनं मान्य केलं. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. त्या विभागाकडे आपण ही मागणी केली पाहिजे, आणि एकटीदुकटीनं नाही, ग्रामसंघाच्या ठरावानं.

पालकत्व आणि सातबारा

हा भाग नीट ऐका. लेकरू १८ वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं. मग ते बोलू शकत नसलं, सही करू शकत नसलं, तरी आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. वर सांगितलेल्या चार गटांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. तुम्ही हयात असतानाच करा. पुढं पालक कोण होणार, भाऊ, बहीण की मावशी, याचाही विचार आत्ताच करा, आणि त्या माणसाला विचारून करा.

नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. पालक दुर्लक्ष करत असेल किंवा मालमत्ता खात असेल, तर त्याला काढायची तरतूद आहे.

आणि सातबारा. बाप गेल्यावर वारसांची नावं चढतात, तेव्हा "ती तर अशीच आहे, तिचं नाव कशाला" असं म्हणून लेकीचं नाव गाळतात. अर्ध्या एकराची बांधी असली तरी तिचा हिस्सा तिच्या नावावर राहिला पाहिजे. ज्याच्या नावावर काही आहे त्याला सांभाळायला घरातलं कोणी तरी पुढं येतं. हे बोलायला कडू आहे, पण आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. घरात कोणी सरकारी नोकर किंवा पेन्शनर असेल, तर अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तीवेतनाची तरतूद असते. त्याचं नाव कार्यालयात आधीच नोंदवून ठेवा.

घरी जमतच नसेल तर

काही घरी खरंच जमत नाही. माय गेली, बाप म्हातारा, भाऊ परमुलखात. तेव्हा संस्था शोधावी लागते. ते पाप नाही.

आपल्या विदर्भात चांगली उदाहरणं आहेत. वरोऱ्याचं आनंदवन १९४९ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी सुरू झालं आणि पुढं तिथं अंध, मूकबधिर, अपंग माणसांनाही घर मिळालं. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या १२३ दिव्यांग लेकरांना आपलं नाव देऊन वाढवलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. बालगृहातून १८ व्या वर्षी मूल बाहेर काढतात, पण ज्याला स्वतःचा घास घेता येत नाही ते १८ चं झालं म्हणून जाणार कुठं? अशा मुलांना कायमचं राहू द्या, तसा कायदा करा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तिथं वाढलेली एक दृष्टिहीन लेक राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली. बदलापूरला 'आधार' ही संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन उभी केली, प्रौढ गतिमंदांसाठी. जो प्रश्न आपण दारात उभ्या राहून विचारतो, तोच त्यांनी एकमेकांना विचारला आणि मग घर बांधलं. राष्ट्रीय न्यासाच्या समर्थ आणि घरौंदा या निवासाच्या योजनाही आहेत. जागा मात्र गरजेच्या मानानं फार कमी आहेत, म्हणून नाव लवकर नोंदवावं लागतं.

पण डोळे मिटून कुठंही सोडू नका. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या एका निवासी संस्थेत गतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले. २०१३ मध्ये न्यायालयानं दोषींना शिक्षा सुनावली. त्या मुली सांगू शकत नव्हत्या आणि बाहेरून विचारायला कोणी येत नव्हतं, म्हणून ते इतके दिवस चाललं. संस्था पाहायला जाल तेव्हा कायद्यानुसार नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. न सांगता जा, जेवणाच्या वेळी जा. मुलींकडे रात्री बाई कर्मचारी असते का, न्हाणीला आतून कडी आहे का, अंगाला वास येतो का, पाठीला जखमा आहेत का, ते बघा. भेटायला कधीही येऊ देतात का ते विचारा. जी संस्था "महिन्यातून एकदाच या" म्हणते, तिथं लेकरू ठेवू नका. आणि ठेवलं तरी जात राहा. ज्याला भेटायला माणूस येतं, त्याला हात लावायला कोणी धजत नाही.

गटानं काय करायचं

शेवटी आपलं काम. आम्ही चार गोष्टी सुचवतो.

एक, या महिन्याच्या बैठकीत गावातल्या अशा घरांची यादी करा. यूडीआयडी आहे का, पेन्शन येते का, १८ च्या वर असेल तर पालकत्व झालं का, दारातून खुर्ची जाते का, हे चार प्रश्न प्रत्येक नावापुढं लिहा.

दोन, ही यादी ग्रामसभेत ठेवा. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, यातली जी जवळ असेल ती. गावाच्या विकास आराखड्यात आणि ५ टक्के निधीत ती घ्यायचा ठराव लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.

तीन, ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असतो. तो अडलेल्या घरांसाठीच आहे. अशा घराला गोंदियाच्या खेपेचा खर्च, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, अशा कामाला तो वापरायचा ठराव करा.

चार, याला पैसा लागत नाही. रोवणीच्या पंधरवड्यात पाळी लावा. दहा जणींचा गट असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला एक-दीड दिवस येतो. एक बाई त्या घरी बसेल, बाकीच्या रोवायला जातील, आणि बसणारीची मजुरी सगळ्या मिळून भरतील. माईकडून आधी शिकून घ्या: घास कसा भरवायचा, कुशीवर कसं वळवायचं, तो रडतो तेव्हा त्याला काय हवं असतं. हे ज्ञान आज फक्त तिच्याकडे आहे. ते दहा जणींकडे गेलं, की तिच्या मागं काय या प्रश्नाचं निम्मं उत्तर गावातच तयार होतं.

सरकारकडून भिंती मागायच्या आणि हातांचा पैसाही मागायचा. पण पहिले हात आपले. तुमच्या गावातली यादी झाली की पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण मिळून तहसीलला जाऊ.